तुमच्या आवडीला तुमचाच शब्द!

‘तुम्हाला हेही आवडेल!’ दिवसातून किती वेळा वाचतो आपण हे वाक्य? सकाळी वाशीचा खाडीपूल ओलांडताना गाण्यांचं अ‍ॅप म्हणतं, दुपारी महाप्याच्या ऑफिसात डबा उघडला की शॉपिंग साइट म्हणते आणि रात्री सोफ्यावर अंग टाकलं की सिनेमावाले म्हणतात. इतका आग्रह तर लग्नाच्या पंगतीतही होत नाही!

पण पंगतीत वाढणारा आपल्या तोंडाकडे बघून वाढतो. हे अ‍ॅपवाले बघतात आपल्या बोटाकडे. बोट कुठे थांबलं, काय उघडलं, किती सेकंद पाहिलं, यावरून त्यांचा अंदाज चालतो. ते का थांबलं, हे त्यांना कोण सांगणार?

गेल्या वर्षी माझ्या आईला शुगर निघाली. ऐरोलीहून नेरुळला घरी जाताना लोकलमध्ये मी चार-पाच दिवस तेवढंच वाचत होते. मला हवं होतं साधंसं काही. आईला रोजच्या जेवणात काय द्यायचं, भात किती, भाकरी कुठली. पुढचा महिनाभर माझ्या फीडमध्ये काय आलं? किडनी, डोळे, पायाच्या जखमा आणि ‘सात दिवसांत शुगर गायब’वाले बाबा! घाबरून मी एखादा व्हिडिओ उघडला की तसलेच आणखी दहा हजर. मी पाहिलं होतं, हे यंत्राला कळलं. मला ते नको होतं, हे मात्र नाही. ‘आईसाठी’ आणि ‘घरचं जेवण’ एवढे दोनच शब्द त्याच्या कानावर घालता आले असते, तर?

गंमत म्हणजे, ही सोय एकेकाळी होती आणि तिचा मोठा बोलबालाही होता. २००३ साली जोशुआ शॅक्टर यांनी ‘डिलिशिअस’ नावाची साइट काढली. आवडलेलं वेबपान जपून ठेवायचं आणि त्याला आपल्याला हवे ते शब्द चिकटवायचे, म्हणजेच टॅग द्यायचे. पुढच्याच वर्षी आलेल्या ‘फ्लिकर’ने फोटोंसाठी तेच केलं. कुणी ग्रंथपाल नाही, ठरलेले विभाग नाहीत. लोकांनीच लावलेल्या या वर्गवारीला थॉमस व्हँडर वॉल यांनी २००४ मध्ये ‘फोक्सॉनॉमी’ असं नाव दिलं.

यातून शिफारस कशी निघते? आपल्या नेरुळचंच घ्या. डीपीएस तलावावरच्या फ्लेमिंगोंचा एक झकास फोटो आहे. दोघींनी तो सेव्ह केला. एकीने टॅग दिला ‘पक्षीनिरीक्षण’, दुसरीने ‘प्री-वेडिंग शूट’. क्लिक मोजणाऱ्या यंत्राला दोघी सारख्याच. टॅग वाचणारं यंत्र मात्र पहिलीला ऐरोलीहून ठाणे खाडीत जाणारी बोटीची सफर सुचवेल आणि दुसरीला फोटोग्राफर! तुम्ही देता तेच शब्द, त्याच गोष्टींना देणारे लोक यंत्र शोधतं. ते तुमचे ‘शेजारी’. शेजाऱ्यांना आवडलेलं, पण तुम्ही अजून न पाहिलेलं, ते तुमच्यापुढे येतं. शब्द जितका नेमका, तितका उपयोगाचा. ‘मस्त’ हा टॅग हजारो जण देतात, त्यातून काय कळणार? ‘पावसाळी ट्रेकनंतरची मिसळ’ म्हणणारे मोजकेच. ती आपली माणसं!

अडचणीही आहेत. त्याच पक्ष्याला कुणी फ्लेमिंगो म्हणेल, कुणी रोहित, कुणी अग्निपंख. शिवाय मराठी शब्द रोमन लिपीत लिहिणाऱ्यांची स्पेलिंगं निराळी. जॉर्ज फर्नास आणि सहकाऱ्यांनी १९८७ मध्येच दाखवलं होतं की, एकाच गोष्टीसाठी दोन माणसांना एकच शब्द सुचण्याची शक्यता २० टक्क्यांहूनही कमी असते. पण एकाच फोटोवर हे सगळे शब्द पुन:पुन्हा एकत्र दिसले, की ते एकाच कुटुंबातले आहेत हे यंत्राला उमगू शकतं. त्यासाठी टॅग देणारे भरपूर हवेत.

आणि तिथेच घोडं अडलं. टॅग देण्याचे कष्ट कोण घेणार? क्लिक तर फुकटात मिळतात! २००५ मध्ये याहूने विकत घेतलेली डिलिशिअस पुढे हातोहात फिरली आणि २०१७ मध्ये नव्या नोंदींसाठी बंद झाली. २००७ साली ख्रिस मेसिना यांनी ट्विटरवर हॅशटॅग सुचवला, तो जगभर गाजला. पण आपल्यासाठी जपायची खूण हळूहळू लोकांना हाका मारायचा भोंगा बनली. लग्नाच्या फोटोलाही ‘ट्रेंडिंग’ आणि वडापावलाही ‘ट्रेंडिंग’! व्हिडिओ शोधला जाण्यात टॅगचा वाटा किरकोळच असतो, असं तर यूट्यूब स्वत:च सांगतं.

तरीही जागा उरल्यात. गुडरीड्सवर पुस्तकांसाठी स्वत:च्या नावाचे शेल्फ करता येतात, लेटरबॉक्सड् आणि मूव्हीलेन्सवर सिनेमांना टॅग देता येतात, लास्ट एफएमवर गाण्यांना. इन्स्टाग्रामवर सेव्ह केलेल्या रील्सचे कप्पे करून त्यांना नावं देता येतात. माझे तीन नियम सांगते.

एक : वस्तू काय आहे यापेक्षा ती तुम्हाला कशासाठी हवी, ते लिहा. ‘कादंबरी’पेक्षा ‘प्रवासात वाचायला’.

दोन : शब्दांची जोडी ठेवा, एक सगळ्यांना कळणारा आणि एक खास तुमचा.

तीन : टॅग हीसुद्धा माहितीच असते. आजारपण, पगार, घरातली भांडणं सगळ्यांना दिसणाऱ्या टॅगमध्ये नकोत. आणि नको ते समोर आलं तर नुसतं पुढे सरकू नका. ‘नॉट इंटरेस्टेड’चं बटण असेल तिथे ते दाबा. निदान नाही म्हणण्याची सोय तरी वापरा!

या वीकेंडला एक करून पाहा. सेव्ह करून विसरलेल्या शेकडो गोष्टींतल्या कुठल्याही दहा काढा आणि प्रत्येकीला दोन शब्द द्या. कुठला शब्द सगळ्यात जास्त वेळा आला? आणि तुमच्या फीडमध्ये तो कितीदा दिसतो? उत्तर ‘कधीच नाही’ असं आलं, तर शनिवार-रविवार कुणाच्या आवडीने चाललेत, याचा विचार करायला सोमवारची लोकल आहेच की!