गव्हर्नर, गिअर आणि घाट

१९४४ च्या ऑगस्टमध्ये नॉर्मंडीतून वेगाने पुढे निघालेल्या अमेरिकन फौजांना पेट्रोल पुरेना. फ्रान्सचे रेल्वेमार्ग दोस्त राष्ट्रांच्याच बॉम्बफेकीत उखडले गेले होते. म्हणून मालट्रकांची एक अखंड साखळी उभी केली गेली, तिचं नाव 'रेड बॉल एक्स्प्रेस'. २५ ऑगस्ट ते १६ नोव्हेंबर एवढाच तिचा काळ. ऐन भरात जवळपास सहा हजार वाहनं रोज साडेबारा हजार टनांच्या आसपास माल पोचवत होती. ड्रायव्हरांपैकी सुमारे तीन चतुर्थांश कृष्णवर्णीय सैनिक होते. त्यांच्या अडीच टनी जीएमसी ट्रकांना गव्हर्नर बसवलेले होते, म्हणजे इंजिनाने ठरावीक फेऱ्यांपलीकडे जाऊ नये याची सोय. भरलेली गाडी चढाला लागली की या गव्हर्नरमुळे दम सोडायची. ड्रायव्हर मग तो निकामी करायचे आणि तपासणी आली की पुन्हा जागेवर बसवायचे.

ही हकिगत बहुतेक वेळा बेडरपणाची गोष्ट म्हणून सांगितली जाते. मला ती ट्रकच्या ताफ्याविषयीचा एक फार महत्त्वाचा दस्तऐवज वाटते. गव्हर्नर बसवणाऱ्याला इंजिन वाचवायचं होतं आणि काढणाऱ्याला चढ पार करायचा होता. दोघांचंही बरोबर होतं. अडीच टनांच्या गाडीवर त्याच्या दुप्पट माल लादलेला, तेल बदलायला उसंत नाही, टायर फाटलेले. अशा परिस्थितीत इंजिनाच्या फेऱ्यांवर घातलेली मर्यादा एकटी काय करणार? ताण गाडीतून नाहीसा होत नाही, तो जागा बदलतो. गेल्या ऐंशी वर्षांचा ट्रकचा इतिहास या एका वाक्याभोवती मांडता येतो.

मुळात फेऱ्या कमी केल्याने इंजिनाचं भलं कसं होतं, ते आधी पाहू. आपल्या रस्त्यांवर कित्येक वर्षं राबलेलं टाटांचं ६९७ इंजिन घ्या. नावातच त्याचं मोजमाप आहे: सहा सिलिंडर, ९७ मिलिमीटरचा बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यास. पिस्टनची धाव १२८ मिलिमीटर. मिनिटाला २५०० फेऱ्या होतात तेव्हा पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला साधारण १०.७ मीटर असतो, २००० फेऱ्यांना तो ८.५ वर येतो. पण प्रत्येक फेरीत पिस्टन दोनदा थांबतो आणि दोनदा उलट फिरतो. त्या थांबण्या-फिरण्यात कनेक्टिंग रॉड, त्याचे बोल्ट आणि बेअरिंग यांच्यावर जो जडत्वाचा जोर येतो, तो फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. फेऱ्या वीस टक्क्यांनी कमी केल्या की हा जोर छत्तीस टक्क्यांनी उतरतो. व्हॉल्व्हच्या स्प्रिंगांना उसंत मिळते, घर्षणात वाया जाणारी ताकद घटते, डिझेल वाचतं. ताफ्याचा मालक मर्यादेकडे वळतो त्याला हे भक्कम कारण आहे.

डिझेल इंजिनाला तर गव्हर्नर हवाच. पेट्रोल इंजिनात हवेच्या वाटेवर झडप असते. डिझेल इंजिन हवा मोकळेपणी ओढतं आणि त्याचा सगळा कारभार डिझेल किती सोडायचं यावर चालतो. भार अचानक उतरला आणि डिझेल तेवढंच येत राहिलं, तर इंजिन स्वतःला फाडून घेईपर्यंत पळू शकतं. बॉशने १९२७ मध्ये इंजेक्शन पंपाचं उत्पादन सुरू केलं, तेव्हापासून पंप आणि गव्हर्नर यांची जोडी जमली. आपल्याकडे १९५१ साली स्थापन झालेल्या मायको कंपनीचे पंप घराघरात नसले तरी गॅरेजागॅरेजात पोचले. फिरत्या वजनांनी डिझेलची दांडी मागे ओढायची, हे त्यातलं तत्त्व जेम्स वॉटच्या १७८८ च्या वाफेच्या इंजिनावरच्या गव्हर्नरचंच. मर्यादेचा स्क्रू तारेने आणि शिशाच्या सीलने बंद केलेला असे. ते सील तुटलेलं दिसलं की जाणता फिटर पहिला प्रश्न विचारायचा तो भाराबद्दल.

आता दुसरी बाजू. ताकद म्हणजे ओढ गुणिले फेऱ्या. ओढ तेवढीच राहिली आणि फेऱ्या वीस टक्क्यांनी कापल्या, तर १८० अश्वशक्तीच्या इंजिनाचे उरतात १४४. सपाटीवर हे जाणवतही नाही. पण २८ टनांची गाडी पंचवीस मीटरला एक मीटर अशा चढावर ताशी तीस किलोमीटरने न्यायची, तर नुसत्या चढाला आणि चाकांच्या घर्षणाला मिळून साधारण दीडशे अश्वशक्ती लागते. गिअरबॉक्स आणि मागच्या ॲक्सलमधली गळती त्यावर वेगळी. म्हणजे मर्यादा घातलेली गाडी तो वेग राखूच शकत नाही.

नुकसान इथेच संपत नाही. समजा दोन गिअरांमधलं अंतर १.७ पट आहे. २५०० फेऱ्यांवर गिअर बदलला तर इंजिन १४७० वर उतरतं आणि टर्बोत दम असतो. मर्यादा २००० ची असेल, तर ते ११७६ वर उतरतं. तिथे जुन्या इंजिनाचा टर्बो पुरेशी हवा देत नाही, गाडी धूर ओकते, ओढ मिळत नाही आणि ड्रायव्हरला पुन्हा खालचा गिअर टाकावा लागतो. मग अख्खा घाट त्याच खालच्या गिअरमध्ये, मर्यादेला टेकलेल्या इंजिनाने, रखडत चढायचा. मालकाला वाटतं ड्रायव्हर आळशी आहे. ड्रायव्हरच्या बाजूने बोलणारं त्या वेळी कोणी नसतं, म्हणून हे गणित इथे सविस्तर मांडलं.

या कोड्याचं सर्वांत सुंदर उत्तर १९६६ मध्ये अमेरिकेच्या मॅक कंपनीने दिलं. त्यांच्या मॅक्सिडाइन इंजिनाची ताकद होती २३७ अश्वशक्ती, आणि १२०० पासून २१०० फेऱ्यांपर्यंत ती जवळपास सारखीच राहायची. फेऱ्या उतरल्या की ओढ वाढायची. त्यामुळे दहा-पंधरा गिअरांच्या जमान्यात या ट्रकचं पाच गिअरांत भागलं. मला या इंजिनाचं फार अप्रूप आहे, कारण त्याच्या रचनाकारांनी ड्रायव्हरच्या पायाखाली अडथळा ठेवला नाही. खालच्या फेऱ्यांत काम होईल असं इंजिन त्यांनी आधी घडवलं, मग वरच्या फेऱ्यांची गरजच उरली नाही.

याच्या अगदी उलट स्वभाव डेट्रॉइट डिझेलच्या टू-स्ट्रोक इंजिनांचा. त्यांचं आठ सिलिंडरचं ८व्ही-७१ हे ३१८ अश्वशक्ती २१०० फेऱ्यांवर द्यायचं आणि त्याला वरच्या फेऱ्यांतच ठेवावं लागायचं. खालच्या फेऱ्यांत दाबून चालवलं की ते तापायचं. शेजारी उभ्या दोन ट्रकांना एकच आकडा लावणं किती चुकीचं ठरू शकतं, हे या दोन इंजिनांवरून कळतं.

१९७३ च्या तेलसंकटानंतर अमेरिकेने ताशी ५५ मैलांची देशव्यापी मर्यादा आणली आणि ताफ्यांचे मालक इंजिनाच्या फेऱ्यांकडे डिझेलच्या हिशेबाने पाहू लागले. १९८७ मध्ये डेट्रॉइटने सीरिज ६० हे इंजिन आणलं, ज्यात इलेक्ट्रॉनिक नियंत्रण मुळातच अंगभूत होतं. शिशाच्या सीलची जागा पासवर्डने घेतली. आता कोणत्या गिअरमध्ये किती फेऱ्या, वरच्या गिअरला किती वेग, हे ऑफिसात बसून ठरवता येऊ लागलं. खालच्या गिअरांत मर्यादा कमी ठेवून ड्रायव्हरला लवकर गिअर बदलायला लावायचं, ही युक्ती चांगली आहे. भार आणि रस्ता पाहून लावली तर.

२०११ नंतर कमी फेऱ्यांचा हा विचार टोकाला गेला. व्होल्वोने अमेरिकेत महामार्गावरच्या फेऱ्या सुमारे दोनशेने उतरवणारी जोडणी विकायला काढली. इतरही त्या वाटेने गेले. यासाठी मागच्या ॲक्सलचं गुणोत्तर बदलावं लागतं. ३.५५ चं २.२६ केलं, तर चाकांना तेवढीच ओढ देण्यासाठी प्रॉपेलर शाफ्टला ५७ टक्के जास्त पीळ सोसावा लागतो. इंजिन निवांत झालं, पण शाफ्ट, त्याच्या सांध्यातला क्रॉस आणि ॲक्सलमधलं क्राउन-पिनियन यांच्यावर ओझं आलं. ॲक्सल बनवणाऱ्या कंपन्यांना हे भाग नव्याने घडवावे लागले. ज्या ताफ्यांनी जुन्या शाफ्टवर नवी जोडणी चालवायचा प्रयत्न केला असेल, त्यांना वाचलेलं डिझेल क्रॉस बदलण्यात घालावं लागणार हे उघड आहे.

इथे एक गोष्ट अनेकदा नजरेतून सुटते. ॲक्सल तोच ठेवून फक्त वरची मर्यादा खाली आणली, तर त्याच गिअरमध्ये एका किलोमीटरला इंजिन पूर्वीइतक्याच वेळा फिरतं. नागपूरहून मुंबईपर्यंत फेऱ्यांची बेरीज तीच. प्रत्येक फेरीचा जाच कमी होतो हे खरं, पण फेऱ्याच कमी करायच्या तर वरचा गिअर किंवा ॲक्सलचं गुणोत्तर बदलायला हवं.

आणि फार खालच्या फेऱ्यांचा स्वतंत्र त्रास आहे. बेअरिंगमधला तेलाचा थर फिरण्याने तयार होतो. फेऱ्या कमी आणि भार पूर्ण, तर थर पातळ आणि सिलिंडरमधला दाब मोठा. पाण्याचा पंपही इंजिनावरच फिरतो, म्हणजे घाटात गाडी जास्तीत जास्त तापते त्याच वेळी पाणी हळू खेळतं. हेड गॅस्केट जातं ते बहुधा अशा वेळी. गाडी दाबून चालवू नको, असं जुने ड्रायव्हर नव्या पोरांना सांगतात, त्यात हे सगळं शास्त्र आहे.

आपल्याकडे घोळ वेगळाच आहे. 'गव्हर्नर बसवला' म्हणताना आपण दोन गोष्टी एकत्र करतो: इंजिनाच्या फेऱ्यांची मर्यादा आणि गाडीच्या वेगाची मर्यादा. केंद्रीय मोटार वाहन नियमांतील ११८ वा नियम दुसऱ्या गोष्टीबद्दल आहे. १ ऑक्टोबर २०१५ पासून नव्या मालवाहू गाड्यांना ताशी ८० किलोमीटरची, तर डंपर-टँकरना ६० ची मर्यादा लागू झाली. युरोपात जड ट्रकांना ९० ची सक्ती १९९४ पासूनच आहे. वेगाला मर्यादा हवीच, त्याबद्दल माझ्या मनात शंका नाही. हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाने वाढतो. ८० वरून १०० वर गेलं की तो दीडपटीहून जास्त होतो. पण जुन्या गाड्यांवर बाहेरून बसवलेली काही साधनं पंपाकडे येणारं डिझेलच अडवतात. पंपातले प्लंजर डिझेलवरच वंगण घेतात. डिझेल तुटक येऊ लागलं की वेग आटोक्यात राहतो आणि झीज पंपात सुरू होते.

१ एप्रिल २०२० पासून प्रदूषणाचे बीएस-६ निकष आले आणि सगळं नियंत्रण संगणकाकडे गेलं. टाटांच्या ट्रकांत हलका, मध्यम, जड असा भार निवडण्याचं बटण मिळतं. रिकाम्या गाडीला ताकद कमी, भरलेलीला पूर्ण. ही योग्य दिशा आहे, कारण मर्यादा भाराप्रमाणे बदलते. समृद्धी महामार्गावर, ७०१ किलोमीटरच्या एकसुरी वाटेवर, खालच्या फेऱ्यांची जोडणी डिझेल वाचवेल. तीच गाडी कुंभार्ली घाटातून चिपळूणला पाठवली, तर दोन गिअरांच्या मध्ये अडकून बसेल. २०१८ मध्ये ॲक्सलवरच्या भाराची कायदेशीर मर्यादा वाढली आणि गाड्यांचं एकूण वजन वीस-पंचवीस टक्क्यांनी वाढू शकलं. जुन्या सेटिंगवर चालणाऱ्या ताफ्यांनी तेव्हाच आकडे पुन्हा तपासायला हवे होते.

उतारावर गव्हर्नर हात टेकतो. तो डिझेल बंद करू शकतो, पण बोरघाट उतरणाऱ्या गाडीत इंजिन डिझेलवर फिरत नसतं, मागचं वजन ते फिरवत असतं. चुकून फार खालचा गिअर पडला तर फेऱ्या मर्यादा ओलांडून जातात, व्हॉल्व्ह पिस्टनला धडकू शकतात, आणि संगणकात त्याची नोंद राहते. उलट, इंजिनाच्या धुराची वाट अडवून गाडी रोखणाऱ्या एक्झॉस्ट ब्रेकची ताकद फेऱ्यांबरोबर वाढते. उतारावर फेऱ्या सुरक्षित हद्दीत चढ्या ठेवणं हेच शहाणपण, आणि कमी फेऱ्यांची शाबासकी मिळवायला सोकावलेला ड्रायव्हर नेमका इथे वरचा गिअर टाकतो. काही जण डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रलमध्ये सोडतात. मग सगळा भार ब्रेकच्या लायनरवर येतो आणि ते तापून पकड सोडतात.

म्हणून ताफ्याच्या ऑफिसात बसून आकडा बदलणाऱ्याने भरलेल्या गाडीबरोबर एकदा तरी घाट चढून आणि उतरून यावं. आकडा खाली आणला त्याच दिवशी खेपेचा वेळही वाढवून लिहावा. ॲव्हरेजवर बक्षीस असेल, तर घाटातली खेप आणि सपाटीची खेप वेगळी मोजावी, आणि उतारावरच्या चढ्या फेऱ्यांसाठी ड्रायव्हरचा एक रुपयाही कापू नये.