खांद्यावरचे वजन, डाव्या हाताला शिक्षा

डाळजसारख्या गावात भीमजयंतीच्या मंचावर तीन-तीन तास उभे राहून इलेक्ट्रिक गिटार वाजवणाऱ्या पोरांचे खांदे भरून येतात. जड गिटार चार किलोच्या वर जाते. हलकी तीन-साडेतीन किलोची असते. पण गिटार घेताना नुसते वजन पाहू नका, तोलही पाहा.

पट्टा लावून उभे राहा आणि डावा हात हळूच सोडा. नेक खाली झुकली, तर वाजवताना तिला डाव्या हातानेच सावरावे लागेल. मग बोटे मोकळी राहत नाहीत, कॉर्ड चुकते. १९५४ साली आलेल्या स्ट्रॅटोकास्टरचे वरचे शिंग बाराव्या फ्रेटपर्यंत पोचते आणि पट्टा तिथे अडकतो, म्हणून ती सहसा झुकत नाही.

हातातली गिटार झुकत असेल, तर आतून खरखरीत असा रुंद पट्टा लावा. तो सरकत नाही, वजनही खांद्यावर पसरते. बाबासाहेबांचे विचार गाण्यातून पोचवायचे, तर वाजवणारा शेवटच्या गाण्यापर्यंत टिकला पाहिजे.

जय भीम!