बदलीचा हुकूम आणि पाठीवरचें बिऱ्हाड

कसबा पेठेंत, तांबट आळीपासून जवळच, आमच्या स्नेह्यांचा एक जुना वाडा आहे. त्यांचा नातू लष्करांत मेजर. गेल्या वैशाखांत आम्ही सहज त्यांच्याकडे गेलों, तों सोप्यावर पाऊल टाकावयास जागा नाहीं! काळ्या पत्र्याच्या अकरा पेट्या भिंतीशीं रचलेल्या, प्रत्येकीवर पांढऱ्या अक्षरांत नांव आणि क्रमांक. शेजारीं गुंडाळलेल्या गाद्या, मुलांच्या सायकली, आणि मधोमध जबलपुराहून परत आलेला तांब्याचा बंब. मेजरसाहेबांची बदली लडाखच्या सीमेवर झालेली. तेथें कुटुंब नेण्याची सोय नाहीं; म्हणून सूनबाई व दोन मुलें कसब्यांत राहावयास आलीं होतीं. ट्रक बोळांत शिरेना, तेव्हां सारें सामान रस्त्यावर उतरवून हमालांच्या डोक्यावरून आणावें लागलें. हमालीचे पैसे मोजतां मोजतां आजी म्हणाल्या, "सरकारनें हलवलें, तर हें सगळें सरकारच देईल ना रे?" नातू हंसून म्हणाला, "देईल ग आजी. पण अंतर मोजून, हुद्दा पाहून आणि पावती घेऊन."

बदलीच्या भत्त्याचें सारें शास्त्र या एका वाक्यांत आलें, असें आम्हांस वाटलें. सैन्यांत मुलगा, जांवई किंवा भाचा असलेलीं घरें आमच्या वाचकवर्गांत थोडीं नाहींत; परंतु हें शास्त्र घरांतील वडील मंडळींस क्वचितच ठाऊक असतें. "सरकार सगळें देतें" अशी एक समजूत असते, आणि तिच्यापायीं सूनबाईच्या खर्चाकडे वांकड्या नजरेनें पाहिलें जातें.

शिपाई हलवावयाचा म्हणजे त्याचा संसारही हलतो, हा प्रश्न आजकालचा नव्हे. पेशवाईंत दसरा झाला कीं फौजा मोहिमेस निघत. स्वतःचा घोडा व हत्यार घेऊन येणाऱ्या शिलेदारास निघण्यापूर्वीं नालबंदी म्हणून कांहीं रक्कम आगाऊ मिळे. घोड्याची तयारी झाली. पण माणसांचें काय? पानिपतच्या मोहिमेंत लढवय्यांबरोबर बायकामुलें व यात्रेकरूही पुष्कळ गेले होते. नाना फडणीस तेव्हां अवघे अठरा वर्षांचे. आई व पत्नी त्यांच्याबरोबर होत्या. 14 जानेवारी 1761 च्या त्या धुमश्चक्रींत पत्नी वांचली, आई हरपली ती कायमची.

कंपनी सरकारच्या अमदानींत कूच करणाऱ्या पलटणींस पगाराखेरीज 'भत्ता' मिळूं लागला, आणि हा शब्द इंग्रजांच्या दप्तरांतही शिरला. या भत्त्यापायीं रक्त सांडलेलें आहे. 1824 सालीं ब्रह्मदेशाच्या युद्धाकरितां बंगालच्या 47 व्या पलटणीस बराकपुराहून चितगांवाकडे निघण्याचा हुकूम झाला. पलटणींतील शिपाई बहुतेक उच्चवर्णीय; प्रत्येकाचीं स्वयंपाकाचीं पितळी भांडीं निराळीं, सोंवळ्यांतलीं. तें ओझें वाहण्यास बैल हवेत, आणि बैलांची सोय ज्यानें त्यानें पदरच्या पैशानें करावयाची! युद्धाच्या गर्दींत बैल मिळेनात. मिळाले तर किंमत आवांक्याबाहेर. शिपायांनीं बैल मागितले, जादा भत्ता मागितला. तो मिळाला नाहीं, म्हणून कूच नाकारली. 2 नोव्हेंबर रोजीं परेडीवर उभ्या असलेल्या त्या शिपायांवर तोफा डागण्यांत आल्या. पुष्कळ मेले, पुष्कळ हुगळींत उड्या टाकून बुडाले. त्यांचा पुढारी बिंदी तिवारी यास फांशी देण्यांत आलें. भांडीं वाहून नेण्याचा खर्च कोणीं करावा, एवढ्याच प्रश्नावरून! तांबट आळींतला ठोक्यांचा आवाज ऐकतांना ही हकीकत आम्हांस हटकून आठवते.

आतां पुण्याकडे वळूं. पुणेंकर घरांचा आणि लष्करी हिशेबांचा संबंध जुना आहे. मिलिटरी अकाउंट्समध्यें नोकरीस असलेला एखादा काका वा मामा ज्या घरांत नव्हता, असें घर आपल्या पेठांतून एके काळीं शोधावें लागलें असतें. वासुदेव बळवंत फडके याच खात्यांत कारकून होते. आई अत्यवस्थ असतां रजा वेळेवर मिळाली नाहीं, हा घाव त्यांच्या मनांतून कधींच गेला नाहीं. आजही सैन्यांतील अधिकारी काश्मीरांत असो कीं अरुणाचलांत, त्याच्या पगाराचा व प्रवासखर्चाचा हिशेब शेवटीं पुण्यासच, गोळीबार मैदानाजवळच्या संरक्षण लेखा कचेरींत होतो. म्हणजे लडाखला निघालेल्या या मेजरसाहेबांचे कागद त्यांच्या आजीच्या घरापासून चार-पांच किलोमीटरांवरच तपासले जाणार! जवानांचे हिशेब मात्र ज्या त्या रेजिमेंटच्या केंद्राशीं जोडलेल्या वेतन कचेरींत असतात.

मिळतें काय, तें पाहूं. सातव्या वेतन आयोगानंतर 1 जुलै 2017 पासून जे दर लागू झाले, त्यांप्रमाणें वीस किलोमीटरांहून दूर बदली होऊन घर हलवावें लागल्यास मूळ वेतनाच्या 80 टक्के रक्कम एकवट अनुदान म्हणून मिळते. मूळ वेतन 30,000 रुपये असेल, तर 24,000 रुपये. बांधाबांध, चढउतार, हमाली हें सारें याच रकमेंत. आजींनीं मोजलेले पैसे त्यांतलेच. माणसांचें प्रवासभाडें निराळें, आणि सामानाचें भाडेंही निराळें. सुभेदार वर्गापासून वरच्या सर्वांस 6,000 किलोपर्यंत सामान व किलोमीटरला 50 रुपयांपर्यंत भाडें. हवालदारास 3,000 किलो व 25 रुपये. नाईक व शिपाई यांस 1,500 किलो व 15 रुपये. महागाई भत्ता 50 टक्क्यांनीं वाढला कीं हे दर चतुर्थांशानें वाढावे, अशीही तरतूद आहे. ही अर्थात् कमाल मर्यादा. प्रत्यक्ष खर्च कमी झाला, तर तेवढाच मिळतो.

येथें आम्हांस स्पष्ट बोलावेंसें वाटतें. दोन हजार किलोमीटरांच्या बदलींत मूळ दरानें मेजरास लाख रुपयांपर्यंत ट्रकभाडें मिळूं शकतें. नाईकास तीस हजारांवर नाहीं. अधिकाऱ्याचें बिऱ्हाड मोठें असेल, हें मान्य. पण नाइकाच्या घरींही पलंग, कपाट, गॅसची शेगडी, मुलांचीं दप्तरें तींच. आणि रस्त्यावरचा ट्रकवाला हुद्दा पाहून डिझेल घालीत नाहीं. नाईक दुसऱ्याच्या ट्रकांत कोपरा मागतो, किंवा कपाट मिळेल त्या किंमतीस विकतो आणि नव्या गांवीं दुसरें घेतो. ही तूट कोठल्याही हिशेबांत दिसत नाहीं.

दुसरी गोष्ट एकत्र कुटुंबाची. नियमांतील 'कुटुंब' म्हणजे मुख्यतः पत्नी, मुलें, आणि सर्वस्वीं अवलंबून असलेले आईबाप. दरमहा 9,000 रुपये व त्यावरील महागाई मदत यांहून ज्यांचें उत्पन्न अधिक, ते आईबाप अवलंबून नव्हेत. आमच्या स्नेह्यांच्या घरीं मेजरसाहेबांचे वडील निवृत्त शिक्षक. त्यांस पेन्शन आहे, म्हणून ते या व्याख्येबाहेर. ज्या विधवा काकूनें त्यांस लहानाचें मोठें केलें, ती तर कागदावर कोणीच नव्हे. जबलपुरास हीं दोघें मुलांबरोबर राहत होतीं. त्यांचीं तिकिटें घरच्या पैशांतून निघालीं. सरकारास कोठें तरी रेघ ओढावी लागते, हें आम्हांस कळतें. परंतु ती रेघ आपल्या माजघरांतून जाते, हें वडीलधाऱ्यांनीं आधींच जाणलेलें बरें.

उलटपक्षीं एक तरतूद चांगली असून पुष्कळांस ठाऊक नसते. जेथें कुटुंब नेतां येत नाहीं अशा ठिकाणीं बदली झाली, तर सैनिकास आपल्या पसंतीचें एक निवासस्थान कळवितां येतें. कुटुंब व सामान तेथवर नेण्याचा खर्च नियमाप्रमाणें मिळतो, आणि पुढें तेथून नव्या ठाण्यावर जाण्याचाही. सरकारी दृष्टीनें कसब्यांतला तो वाडा म्हणजे असें निवडलेलें निवासस्थान! सूनबाई माहेरीं जावयाची कीं सासरीं राहावयाची, मुलांची शाळा कोणती, याचा निर्णय सामान हलण्यापूर्वींच झाला पाहिजे. एकदां कळविलेलें ठिकाण मनास येईल तसें बदलून खर्च मागतां येत नाहीं.

कागदांविषयीं दोन शब्द. बदलीचा हुकूम, मालवाहतुकीची बिल्टी व पावती, तिकिटें हीं सारीं एका ठिकाणीं ठेवावीं. 2018 पासून मागणीची मुदत प्रवास संपल्यापासून साठ दिवसांची झाली आहे; पूर्वीं वर्षभर मिळे. आगाऊ रक्कम घेऊन हिशेब दिला नाहीं, तर ती पगारांतून वसूल होते. ट्रकवाल्याकडून जादा आंकड्याची पावती 'करून' घेण्याचा सल्ला देणारे शेजारीं पुष्कळ भेटतात. खोटा कागद देणें हा 1950 च्या सेना कायद्याप्रमाणें कोर्ट मार्शलचा अपराध आहे. दहा हजारांसाठीं वीस वर्षांची चाकरी पणास लावूं नये.

आम्ही निघालों तेव्हां मेजरसाहेब झोपाळ्यावर बसून पावत्या लावीत होते. ट्रकाची बिल्टी कांहीं केल्या सांपडेना. अखेर ती बंबाच्या आंत, वर्तमानपत्राच्या बोळ्यांत निघाली. आजींनीं ती हातानें सारखी केली, सगळे कागद पितळी डब्यांत घालून देवघरांत ठेवले, आणि भिंतीवरच्या कालनिर्णयावर पेन्सिलीनें खूण केली. गेल्या आठवड्यांत पुन्हां भेट झाली, तेव्हां नातू केव्हांच लडाखला पोहोंचला होता, आजींनीं आपण होऊन सांगितलें, "एक्केचाळिसावा दिवस. कागद गेले, पैसे यावयाचे आहेत."