गाळा कोणाचा, डागडुजी कोणाची?

शेतकरी बंधूंनो, बाजारच्या दिवशी खताच्या दुकानापुढे उभे राहता तेव्हा एकदा वर मान करून बघा. ओल धरलेला सज्जा, गंजलेला पत्रा, एका खिळ्यावर लोंबकळणारी पाटी! वळवाच्या पहिल्या वादळात ते खाली येणार, अन् खाली उभे असणार तुम्ही-आम्हीच.

‘दुकान माझं, भिंत माझी,’ असे मालक म्हणतो. खरे आहे, पण पुढचा रस्ता गावाचा आहे. रस्त्यावर आलेला ओटा वा पत्र्याची शेड काढण्याचा अधिकार महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, 1958 च्या कलम 53 ने पंचायतीला दिला आहे. पंचायत गप्प बसली, तर जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो.

आणि गाळे पंचायतीचेच असले तर? भाडे पंचायत घेते, पण पडलेला गिलावा भाडेकरू पंचायतीवर ढकलतो आणि पंचायत भाडेकरूवर. सरपंचांनी भाडेकरारातच लिहून घ्यावे : गिलावा, रंग, पन्हळ कोणी बघायची आणि कोणत्या महिन्यात. येत्या 1 मेच्या ग्रामसभेत हा विषय तुम्हीच काढा. पाऊस काही ठरावाची वाट बघत नाही.