एका अक्षराचा आजार आणि परळचा रस्ता

विटाळाच्या या देशात आता रक्तातली अक्षरे विजेने वाचता येतात. ऑक्सफर्ड नॅनोपोअर या ब्रिटिश कंपनीने २०१४ साली संशोधकांच्या हाती दिलेले यंत्र मुठीत मावते, लॅपटॉपला जोडले की चालते. पातळ पडद्याला एक-दोन नॅनोमीटरचे छिद्र, दोन्ही बाजूंना मिठाचे पाणी. विजेचा दाब दिला की छिद्रातून प्रवाह वाहतो. डीएनएचा धागा त्यात ओवला की प्रवाह अडतो, आणि ए, सी, जी, टी यांपैकी कोणती अक्षरे आत आहेत त्यानुसार कमी-जास्त अडतो. त्या चढउतारावरून संगणक अक्षरे ओळखतो. या विजेला आडनाव कळत नाही. याच देशात नाके मोजून जातींचे वंश ठरवले गेले. तसलीच मापे पुढे ठेवून बाबासाहेबांनी १९४८ च्या 'द अनटचेबल्स'मध्ये ब्राह्मण आणि अस्पृश्य वेगळ्या वंशाचे नाहीत हे दाखवले, हे वाचक जाणतातच.

आमचा सवाल सिकलसेलचा आहे. सुरगाणा-पेठच्या पाड्यांवर हा आजार आहे, विदर्भातल्या आपल्या बौद्ध समाजातही आहे. हिमोग्लोबिनच्या जनुकात एके ठिकाणी 'ए'च्या जागी 'टी' येतो, बस्स. तेवढ्याने लाल पेशी विळ्यासारख्या वाकतात आणि माणूस वेदनेने तळमळतो. बाधिताचे हिमोग्लोबिन विजेच्या क्षेत्रात वेगळ्या गतीने सरकते, हे लायनस पॉलिंग आणि सहकाऱ्यांनी १९४९ सालीच दाखवले. इस्पितळातली इलेक्ट्रोफोरेसिस चाचणी त्याच तत्त्वावर चालते.

तेव्हा गल्लत नको. वाहक कोण, रुग्ण कोण हे कळायला ही जुनी चाचणी पुरते. डीएनए पाहावा लागतो तो पोटातल्या बाळाचा. आईबाप दोघेही वाहक असले तर प्रत्येक गरोदरपणात चारात एक धोका. ही तपासणी करणारी आयसीएमआरची संस्था परळला, केईएमच्या आवारात. सुरगाण्याच्या बाईने मजुरी बुडवून, भाडे उसने काढून तिथवर जायचे, तेही दिवस भरत चाललेले असताना!

केंद्राने १ जुलै २०२३ रोजी शहडोलला सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू केली. ७ कोटी लोकांची तपासणी, मुदत २०४७. हाती कार्ड द्यायचे आणि पुढे परळचा रस्ता दाखवायचा, याला आम्ही निर्मूलन म्हणत नाही. राज्याचे आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ पासून नाशकात आहे. गर्भाच्या डीएनए तपासणीची प्रयोगशाळा इथेच हवी. मग यंत्र नॅनोपोअरचे असो की साध्या पीसीआरचे. आणि ज्यांचे रक्त वाचले त्यांची माहिती त्यांना न विचारता कुठल्याही कंपनीकडे जाता कामा नये. संमतीचा कागद कोकणा-वारली बोलीत समजावून सांगा, मगच अंगठा घ्या.