समुद्रकाठचा मुक्काम

भैंसा आणि मुंबई ही दोन गावे नकाशावर जवळजवळ एकाच अक्षांशावर, १९ अंशांच्या किंचित वर, वसलेली आहेत ही गोष्ट सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. भैंशातून जाणारा राष्ट्रीय महामार्ग ६१ भोकर, नांदेड, परभणी, अहिल्यानगर असा पश्चिमेकडे जात जात माळशेज घाट उतरतो आणि कल्याण-भिवंडीला पोचतो. म्हणजे समुद्राची वाट आपल्या दारावरूनच गेली आहे. मात्र ती पाचशे किलोमीटरांहून अधिक लांब आहे. गावाजवळच्या सुद्धवागूचे पाणी तर नेमके उलट्या दिशेने, गोदावरीतून बंगालच्या उपसागराला जाऊन मिळते. तेव्हा पूर्वीच्या अदिलाबाद आणि २०१६ पासूनच्या निर्मल जिल्ह्यातील, तसेच शेजारच्या नांदेडकडील मराठी कुटुंबांना समुद्राचा सहवास असा नाहीच. कापसाचा हंगाम आटोपला, मुलांच्या परीक्षा झाल्या, म्हणजे कोकणात जाण्याचा बेत ठरतो. आणि बेत ठरला की पहिला प्रश्न पडतो तो राहावयाचे कोठे हा.

श्रोतेहो, ह्या प्रश्नाचे माझे उत्तर थोडक्यात असे आहे की, ज्याला समुद्राची सवय नाही त्याने मोठ्या हॉटेलात न उतरता किनाऱ्यालगतच्या एखाद्या लहानशा, घरगुती निवासात उतरावे. हे मी केवळ पैशाच्या बचतीसाठी सांगत नाही. मोठ्या हॉटेलात खिडकीतून समुद्र दिसतो खरा, परंतु तो समजावून सांगणारे माणूस तेथे भेटेलच असे नाही. घरगुती निवासात यजमान स्वतः त्या पाण्याशेजारी वाढलेला असतो, आणि त्याच्या एका शब्दाचे मोल किती असते ते पुढे येईलच.

अशा निवासांची सोय आता कोकणात पुष्कळ ठिकाणी झाली आहे. सिंधुदुर्ग जिल्हा १९९७ साली पर्यटन जिल्हा म्हणून घोषित झाला, आणि महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाच्या निवास-न्याहारी योजनेमुळे कित्येक घरांच्या मागच्या खोल्या पाहुण्यांसाठी उघडल्या. मालवणजवळचे तारकर्ली सर्वांच्या परिचयाचे झाले आहे. परंतु मला ह्या बाबतीत आवर्जून नाव घ्यावेसे वाटते ते रत्नागिरी जिल्ह्याच्या मंडणगड तालुक्यातील वेळास ह्या गावाचे. नाना फडणविसांचे घराणे मूळचे येथले. सावित्री नदी जेथे समुद्रास मिळते त्या बाणकोटच्या खाडीपासून हे गाव हाकेच्या अंतरावर आहे. हरिहरेश्वराकडून येणाऱ्याने बागमांडल्याला फेरीबोटीत बसावे व वेसवीला उतरावे. मोटारही त्याच बोटीतून पलीकडे जाते, आणि मुलांच्या लेखी प्रवासातील सर्वांत मोठी मौज बहुधा हीच ठरते.

वेळासला उतरावयाचे ते गावकऱ्यांच्याच घरी. जांभ्या दगडाच्या भिंती, शेणाने सारवलेले किंवा लादी घातलेले अंगण, मागे नारळी-पोफळीचे आगर, आणि आगरापलीकडे सुरूच्या झाडांची रांग ओलांडली की वाळू. पानात तांदळाची भाकरी, कुळथाचे पिठले, फणसाची भाजी, सोलकढी. घरच्या बाईने मनावर घेतले तर उकडीचे मोदक. ज्वारीच्या भाकरीवर पोसलेल्या आपल्या लोकांना पहिल्या दिवशी हा आहार थोडा पातळ वाटतो, हेही सांगून टाकतो. दुसऱ्या दिवशी तक्रार राहत नाही. जेवणाची वेळ घराची असते, पाहुण्याची नसते. हे ज्यांना जाचेल त्यांनी शहरातच राहिलेले बरे.

हवेविषयी एक-दोन गोष्टी आधी समजून घ्याव्यात. उन्हाळ्यात आपल्याकडे पारा चाळिशी सहज ओलांडतो. कोकणात तो तितका चढत नाही, पण हवेतल्या दमटपणामुळे घाम वाळत नाही, आणि म्हणून कमी उष्म्यातही जीव अधिक कासावीस होतो. ह्यावर उतारा असतो तो वाऱ्याचा. दिवसा जमीन पाण्यापेक्षा लवकर तापते, तिच्यावरची हवा वर चढते आणि तिची जागा घेण्यास समुद्रावरून खारे वारे येतात. रात्री जमीन लवकर निवते आणि मतलई वारे उलट समुद्राकडे वाहू लागतात. म्हणून दुपारी पश्चिमेकडची पडवी आणि रात्री उघडे अंगण, अशी बसण्याची जागा कोकणी माणूस बदलत असतो. पाहुण्यानेही तेच करावे. नोव्हेंबर ते मार्च हा काळ सर्वांत सुखाचा.

आता मुख्य विषयाकडे येतो. नदीचे पाणी एकाच दिशेने वाहते, आणि आपल्या डोळ्यांना तीच सवय असते. समुद्राचे पाणी दिवसातून दोनदा चढते व दोनदा उतरते. चंद्र व सूर्य ह्यांच्या आकर्षणाचा हा खेळ आहे, पण त्यात चंद्राचा वाटा मोठा. आणि चंद्र आकाशात त्याच जागी दररोज सुमारे ५० मिनिटे उशिरा येत असल्यामुळे भरतीची वेळही दररोज तितकीच पुढे सरकते. अमावास्या व पौर्णिमा ह्या सुमारास सूर्य-चंद्रांची ओढ एका रेषेत येते आणि पाणी फार चढते, फार उतरते. ह्यास उधाण म्हणतात. अष्टमीच्या आसपास ती ओढ काटकोनात पडते आणि पाण्याची चढउतार बेताची राहते. त्यास भांग म्हणतात.

येथे आपल्या घरोघरी खिळ्याला टांगलेले पंचांग कामास येते. कोकणच्या किनाऱ्यावर भरतीची वेळ काढण्याचा एक जुना हिशेब आहे. तिथीचा आकडा घ्यावा आणि त्याची पाऊणपट करावी. जे उत्तर येईल तितक्या वाजता, दिवसा व रात्रीही, पूर्ण भरती. चतुर्थी असेल तर चाराची पाऊणपट तीन, म्हणजे तीन वाजता भरती. अष्टमीला सहा वाजता. एकादशीला सव्वाआठ. शुक्ल पक्ष असो वा कृष्ण पक्ष, हिशेब तोच. भरतीनंतर सहा तासांहून थोड्या अधिक वेळाने पूर्ण ओहोटी येते. हे गणित मुंबईच्या आसपास पुष्कळ जुळते. दक्षिणेकडे, मालवण-गोव्याकडे, भरती काहीशी आधी येते आणि पाणी चढतेही कमी. तेव्हा हा आकडा अंदाजाचा समजावा आणि नेमकी वेळ यजमानास विचारावी.

ह्या हिशेबावर प्राण अवलंबून असतात, म्हणून तो इतक्या विस्ताराने सांगितला. समजा, संकष्टी चतुर्थीच्या दिवशी मंडळी दुपारची झोप काढून, चहा घेऊन पाचच्या सुमारास पाण्यात उतरली. तीनची भरती केव्हाच होऊन गेलेली असते आणि पाणी रात्री नऊपर्यंत माघार घेत राहणार असते. वर वर पाहता लाटा किनाऱ्याकडेच येत असतात, त्यामुळे नवख्याला भय वाटत नाही. पण पायाखालची वाळू सरकते आणि पाण्याची ओढ आतल्या बाजूस असते. गुडघाभर पाण्यात उभा असलेला माणूस पाहता पाहता कमरेइतक्या पाण्यात जातो. खाडीच्या मुखाशी तर ओहोटीचे सारे पाणी चिंचोळ्या वाटेने बाहेर पडते, म्हणून तेथे पोहणाऱ्यानेदेखील उतरू नये. कोकणच्या किनाऱ्यावर बुडालेल्या पर्यटकांच्या बातम्या जवळजवळ दरवर्षी आपण वाचतो, आणि त्यांत देशावरची, नदी-विहिरीत उत्तम पोहणारी तरुण मुले असतात.

आणखी एक फसवी जागा असते. लाटांनी काठावर आणून टाकलेले पाणी परत जाण्यासाठी वाळूत एखादी खोलगट वाट शोधते. त्या पट्ट्यात लाटा कमी फुटतात, पाणी शांत दिसते, आणि नवखा माणूस नेमकी तीच जागा स्नानासाठी निवडतो. अशा प्रवाहात सापडलेल्याने काठाच्या दिशेने झटापट करू नये. त्यात दम संपतो. किनाऱ्याला समांतर असे आडवे जावे, पट्टा फार रुंद नसतो, आणि त्यातून सुटल्यावर लाटांबरोबर काठाकडे वळावे. पोहता येत नसेल तर हात उंचावून तरंगत राहण्याचा प्रयत्न करावा. काठावरच्यांनी आंधळेपणाने मागोमाग उडी घेऊ नये. दोर, रिकामा डबा, नारळाची झावळी, जे तरंगेल ते फेकावे. ओल्या वाळूवर मोटार नेण्याची हौस करणाऱ्यांविषयी अधिक काय बोलावे! भरती येते तेव्हा ती गाडीची किंमत विचारत नाही.

वेळासची दुसरी शिकवण अंधाराची आहे. ह्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले जातीची सागरी कासवे थंडीच्या दिवसांत वाळूत अंडी घालण्यास येतात. एका घरट्यात शंभराच्या आसपास अंडी असतात. पूर्वी ही अंडी चोरून नेली जात. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र ह्या संस्थेने २००२ पासून गावकऱ्यांना बरोबर घेऊन ती राखण्याचे काम सुरू केले. अंडी कुंपण घातलेल्या जागेत हलवून पुन्हा वाळूत पुरतात. साधारण ४५ ते ६० दिवसांनी पिल्ले वर येतात आणि सकाळी व संध्याकाळी ती वाळूवर सोडली जातात. वाळू अधिक तापली तर माद्या अधिक निपजतात, असा ह्या जातीचा विलक्षण प्रकार आहे. पिल्लाला समुद्र ओळखता येतो तो उजेडावरून, कारण मोकळ्या रात्री पाण्याकडचे क्षितिज जमिनीपेक्षा उजळ असते. किनाऱ्यावर विजेचे झगझगीत दिवे लागले की त्याची दिशा चुकते आणि ते झाडीकडे चालू लागते. पिल्ले पाहण्यासाठी फेब्रुवारीपासून एप्रिलपर्यंत पाहुणे येतात, गावातल्या घरांत राहतात, आणि त्या राहण्या-जेवण्याचे पैसे गावातच राहतात. कासव वाचले तर घराला चार पैसे मिळतात, हे एकदा पटल्यावर राखणीसाठी उपदेशाची गरज उरत नाही.

निवास लहान का असावा, ह्याचे कारणही येथेच सापडते. १९९१ साली केंद्र सरकारने किनाऱ्यालगतच्या बांधकामांवर निर्बंध घालणारी अधिसूचना काढली; पुढे २०११ व २०१९ साली तिच्या जागी नव्या अधिसूचना आल्या आणि नियम कोठे सैल, कोठे वेगळे झाले. त्यांचा तपशील वकिलांवर सोपवू. परंतु दिव्यांच्या माळा, मोठ्याने वाजणारी गाणी आणि वाळूपर्यंत आलेला सिमेंटचा कठडा ज्या ठिकाणी आहे, तेथे कासव फिरकत नाही. मला विचाराल तर पाहुण्यानेही तेथे जाण्याचे कारण नाही.

जाण्यापूर्वी यजमानाशी बोलून दिवस ठरवावेत, पिल्ले निघण्याचा सुमार विचारावा, आणि विजेरी घेतलीच तर ती किनाऱ्यावर लावू नये. पश्चिम किनाऱ्यावर जूनच्या पहिल्या तारखेपासून जुलैअखेर यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते, आणि जेव्हा कोळी आपली होडी वर ओढून ठेवतो तेव्हा पाण्यात उतरण्याचा विचार आपणही करू नये. पावसाळ्यातला समुद्र ओटीवर बसून पाहावा. सूर्यास्तासाठी मात्र थोडे थांबावे लागेल. भैंशापेक्षा तो तेथे सुमारे २० मिनिटे उशिरा होतो.