डॉक्टरांनी ‘दारू घेता का?’ विचारलं तर लपवू नका. भरती पेशंटला तिसऱ्या दिवशी होणारा धोका टळतो

पाय मोडला म्हणून माणूस दवाखान्यात भरती होतो. ऑपरेशन नीट पार पडतं. पहिले दोन दिवस हात थरथरतात, घाम सुटतो, झोप लागत नाही. तिसऱ्या रात्री तो सलाईन ओढून काढतो, भिंतीवर किडे चालतायत म्हणतो, बायकोलाही ओळखत नाही. घरचे म्हणतात ऑपरेशन बिघडलं, नाहीतर बाहेरचं काही लागलं. कोणीतरी अंगारा आणायला धावतं.

कारण बऱ्याचदा साधं असतं. रोज पिणाऱ्याची दारू भरती झाल्यापासून एकदम तुटलेली असते. आणि डॉक्टरांनी विचारलं तेव्हा उत्तर दिलेलं असतं, ‘नाही हो साहेब, कधीतरी लग्नाबिग्नात.’ सोबतचा भाऊही मान खाली घालून गप्प.

शरीराला रोजची सवय झाली की ती तुटल्यावर साधारण ६ ते २४ तासांत थरथर सुरू होते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. भ्रम दोन-तीन दिवसांनी होतो आणि उपचार झाले नाहीत तर त्यात जीवही जातो. आधी माहीत असेल तर डॉक्टर गोळ्या सुरू करतात, बी-१ जीवनसत्त्वाचं इंजेक्शन देतात आणि बहुतेक वेळा हे सगळं टळतं. भूल देणाऱ्या डॉक्टरांनाही हे कळायला हवं. टीबीच्या गोळ्या चालू असतील तर दारूमुळे लिव्हरवर दुहेरी मार बसतो.

विचारायचं कसं, यासाठी जागतिक आरोग्य संघटनेने १० प्रश्नांची ‘ऑडिट’ नावाची चाचणी केली आहे. किती वेळा घेता, एका बैठकीला किती, सुरू केल्यावर थांबता येतं का, सकाळी उठल्यावर लागते का, रात्रीचं काही आठवत नाही असं होतं का, घरच्यांनी किंवा डॉक्टरांनी कमी करा म्हटलंय का, असे प्रश्न. एकूण गुण ४०. आठ किंवा जास्त आले तर पिणं धोक्याकडे चाललंय, वीस किंवा जास्त आले तर व्यसन जडलं असण्याची शक्यता मोठी. रक्त काढायचं नाही, पैसे नाहीत, पाच मिनिटांचं काम.

हिशेबात मात्र गडबड होते. ‘फक्त एक क्वार्टर’ म्हणणाऱ्याला ते थोडं वाटतं. पण या चाचणीत एक माप म्हणजे १० ग्रॅम अल्कोहोल. व्हिस्की-रमची १८० मिलीची क्वार्टर म्हणजे अशी सहा मापं. स्ट्राँग बिअरची मोठी बाटली चारच्या आसपास. म्हणून ‘दोनच पेग’ असं न सांगता बाटलीचा आकार सांगावा.

गावात ३० वर्षांवरच्या लोकांचा सीबॅक फॉर्म आशाताई भरतात. त्यात तंबाखू आणि रोजच्या दारूचा प्रश्न असतो. पण ओसरीवर सासू, दीर आणि दोन शेजारी बसलेले असताना कोण खरं सांगणार? बायकांच्या मिसरीचंही तसंच, ती तर कोणी तंबाखूत धरतच नाही. अशा वेळी ‘ताई, नंतर सांगतो’ म्हणून उपकेंद्रात एकट्याने जाऊन सांगितलेलं बरं. डॉक्टरांनी असं विचारणं म्हणजे पोलिसी चौकशी नव्हे. व्यसनावरचे उपचार मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ मध्ये येतात आणि त्या कायद्याने पेशंटची माहिती गुप्त ठेवणं बंधनकारक आहे.

नुसतं विचारून काय होणार, असंही लोक म्हणतात. गोव्यात १० प्राथमिक आरोग्य केंद्रांत हीच ऑडिट चाचणी घेऊन जास्त पिणारे पुरुष शोधले. डॉक्टर नसलेल्या, प्रशिक्षण घेतलेल्या समुपदेशकांनी त्यांच्याशी चार वेळांपर्यंत बोलणं केलं. तीन महिन्यांनी त्यातले ३६ टक्के धोक्याच्या पातळीखाली आले; नेहमीचेच उपचार मिळालेल्यांत हे प्रमाण २६ टक्के होतं. २०१७ मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झाला. फरक दहा टक्क्यांचा, पण बोलण्यापलीकडे खर्च काय?

घरच्यांसाठी दोन गोष्टी. दारू सोडवायची पावडर किंवा गोळी चहात गुपचूप घालू नका. त्यातल्या काही औषधांवर दारू प्यायली तर बीपी एकदम खाली जाऊन जीवावर बेततं. आणि सकाळपासून पिणाऱ्याला खोलीत कोंडून एका दिवसात बंद करायला लावू नका. आधी सरकारी दवाखान्यात दाखवा. सल्ल्यासाठी टेलिमानसचा १४४१६ हा मोफत नंबर आहे, मराठीत बोलता येतं. फोन पेशंटनेच करायला हवा असं नाही, घरच्यांनी केला तरी चालतो.